कुंदाचे राहिलेले मार्क

आश्विन लागला की आमच्या मुलुंडला पूर्वी दोन वास यायचे. पहाटे मिठागरांकडून येणारा ओलसर, खारट वास, आणि दुपारी वारा फिरला की डंपिंगवर जळणाऱ्या कचऱ्याच्या धुराचा. आता आमच्या खिडकीसमोर उंच इमारती उभ्या आहेत, त्यामुळे वाऱ्याला फिरायला जागाच उरलेली नाही. पण तिसरा एक वास अजून येतो, तो ब्लीचिंग पावडरचा. मागच्या मैदानात बास्केटबॉलचं कोर्ट आहे. चार महिने पावसात भिजून त्याच्यावर हिरवंगार शेवाळ धरतं, आणि नवरात्राच्या आसपास कॉलनीतल्या मुली ते घासून काढतात. तारेच्या ब्रशांची खरखर सकाळीच सुरू होते. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत येते आणि मला एक जुना आश्विन आठवतो. पंच्याऐंशी सालचा किंवा शहाऐंशीचा. नक्की साल आठवत नाही, आणि जिनं आयुष्यभर शाळेच्या हजेरीपटावर खाडाखोड होऊ दिली नाही त्या बाईला हे कबूल करताना जरा जडच जातं.

सई, तुझा निरोप परवा आला. घरातल्या एका खेळाडूवर शाळेत काही लिहून द्यायचंय म्हणालीस. 'आजी, कुंदाआजी नुसती चांगली होती की ग्रेट होती? तिचे पॉइंट्स किती? मी सगळीकडे शोधलं, कुठंच काही नाहीये.' तुझ्या भावाला, निहारला, कदाचित आठवत नसेल म्हणून आधी सांगते. कुंदाआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. ती बरीच वर्षं भारताच्या संघातून बास्केटबॉल खेळली. लग्न केलं नाही. आजोबा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच आहोत. तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं करून घ्यायला ती तयार नाही.

तुझा निरोप मी तिला वाचून दाखवला. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

"मला काय विचारतेस?" ती म्हणाली. "माझे मार्क तुझ्याकडे राहिलेत, वहिनी. चाळीस वर्षं होत आली. आता दे, पोरगी विचारतेय तर."

तेव्हा हे लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा कुंदा कॉलेजात होती. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली, दादरच्या शिस्तीच्या घरातली. आमच्याकडे मुलींनी खेळायचं म्हणजे फार तर कॅरम. इथं आले तर न्हाणीघरात बादलीत हाफ पँट भिजत घातलेली, आणि ती नवऱ्याची नव्हे, नणंदेची. माझ्या सासूबाईंना त्या हाफ पँटचा मनापासून राग. "गुडघे दाखवत गावभर फिरणाऱ्या पोरीला कोण करून घेणार आहे?" असं त्या रोज म्हणायच्या, आणि रोज स्वतःच्या हातांनी ती धुऊन घरातल्या दोरीवर, शेजारणींना दिसू नये म्हणून टॉवेलखाली वाळत घालायच्या. टॉवेलखाली ती नीट वाळत नसे. सामन्याच्या दिवशी कुंदा ओलसर पँट घालून जायची आणि आईला काही बोलायची नाही. त्या घरात प्रेम असंच अर्धवट वाळलेलं मिळायचं.

बास्केटबॉलच्या मानानं कुंदा बुटकीच. तिचं काम चेंडू जाळीत टाकण्याचं नव्हतं, टाकणारीच्या हातात तो नेमक्या क्षणी आणून ठेवण्याचं होतं. पहिल्यांदा मी सामना बघायला गेले तेव्हा मला वाटलं, हिला कुणी खेळूच देत नाही, चेंडू मिळाला की लगेच दुसरीला देऊन टाकते. माझा मुलगा, म्हणजे तुमचा बाबा, तेव्हा लहान होता. तो मात्र म्हणाला, "आई, आत्या इकडे बघते आणि तिकडे देते." मग मीही बघायला शिकले. ती डावीकडच्या मुलीकडे बघायची, समोरच्या तिघी डावीकडे झुकायच्या आणि चेंडू उजवीकडच्या मुलीच्या छातीशी पोचलेला असायचा. टाळ्या त्या मुलीला मिळायच्या. सई, तुमच्याकडे अशा खेळालाही आकडा असतो म्हणे. आमच्याकडे बास्केट करणारीचं नाव कागदावर चढायचं. चेंडू तिच्यापर्यंत कुणी पोचवला, याला रकानाच नव्हता. म्हणून तुला कुठं काही सापडलं नाही.

आश्विनात आणखी एक गोष्ट असायची. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातली हत्यारं, अवजारं पुजतात. ज्यानं पोट चालतं ते देवापुढं ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. सासूबाई पाटावर विळी ठेवायच्या, सुरी ठेवायच्या, तुमच्या आजोबांचे स्क्रू-ड्रायव्हर, माझं लाल पेन. आणि मधोमध कुंदाचा बास्केटबॉल. तो गडगडू नये म्हणून त्याच्याखाली पाण्याच्या हंड्याखाली डोक्यावर घेतात ती कापडी चुंबळ. हाफ पँटचा राग करणारी बाई चेंडूवर हळदीकुंकवाची बोटं ओढायची, वर झेंडूचं फूल ठेवायची आणि म्हणायची, "पोटाला देतोय, त्याला नाही म्हणू नये." कुंदाला सरकारी कचेरीतली नोकरी खेळामुळेच मिळाली होती. पुढचे आठ दिवस त्या चेंडूवर हळदीचा पिवळा डाग दिसायचा.

मुद्द्यावर येते. त्या वर्षीही कोर्ट घासायचं काम आलं. हे कोर्ट पूर्वी मातीचं होतं. पावसानंतर त्याची ढेकळं व्हायची. ते सिमेंटचं व्हावं म्हणून कुंदा कितीतरी वर्षं कॉलनीच्या मंडळाच्या मागं लागली होती, या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरली होती, आणि आदल्याच उन्हाळ्यात ते एकदाचं झालं होतं. सिमेंटवरचं पहिलं शेवाळ घासताना तिला कोण आनंद होईल, असं मला वाटलं होतं. मीही पदर खोचून ब्रश घेऊन उतरले. ऊन असं की ब्लीचिंगचं पाणी टाकलं की सिमेंटवरून वाफ निघावी. मुली दुसऱ्या टोकाला होत्या. कुंदा ब्रश चालवता चालवता एकदम म्हणाली, "वहिनी, शिबिराचं पत्र आलं नाही."

भारताच्या संघाची निवड व्हायची त्याआधी एक शिबिर असायचं. दर वर्षी त्याचं पत्र यायचं.

"टपाल उशिरा असेल," मी म्हटलं.

"नागपूरच्या पोरीला आलं. बंगलोरच्या दोघींना आलं. माझंच टपाल बरं बैलगाडीतून येतंय!"

तिचा ब्रश थांबला नव्हता.

"आईला नको सांगूस," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तू मास्तरीण ना? मग मला मार्क दे. शंभरपैकी. इतकी वर्षं घासली, गळ्यात एक मेडल नाही. बाहेरच्या देशात गेलो की हरूनच परत. लग्न नाही. ऑफिसात अजून तीच खुर्ची, कारण मी कायम रजेवर. सांग, किती देतेस?"

"कुंदा, असे मार्क देता येत नाहीत."

"शाळेतल्या पोरांना बरे देता येतात."

"पेपर तपासायला वेळ लागतो," मी सुचेल ते बोलले.

"तपास की निवांत. मी कुठं पळून जातेय? पळायचं संपलंच आता."

ती हसली, पण माझ्याकडे न बघता. ती इकडे बघून तिकडे देणारी बाई. ती शंभरपैकीचा हिशेब थट्टेत मागत नव्हती, हे मला कळलं. आपण आयुष्याचं काही केलं की नुसतंच घालवलं, हे तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. आणि घरात मार्क देणारी मी एकटीच होते.

नेमके त्याच आठवड्यात सावंतकाका घरी आले. ते मंडळाचे सेक्रेटरी. मालवणकडचे, आधी गिरणीत होते, संप झाला, गिरणी गेली, आता स्टेशनरोडला वह्या-पुस्तकांचं दुकान चालवायचे. बोलणं सगळं घरच्या मालवणीत. म्हणाले, दसऱ्याला संध्याकाळी मंडळातर्फे कुंदाचा जाहीर सत्कार. शाल, नारळ, मानपत्र. पत्र न आल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. कॉलनीचं नाव हिनं देशात नेलं, तर आता कौतुक करायला हवं, एवढाच त्यांचा साधा हिशेब.

ते गेल्यावर कुंदा म्हणाली, "सत्कार म्हणजे जिवंतपणी तेरावं. शाल पांघरली की माणूस संपला."

"अभद्र बोलू नकोस," सासूबाई आतून ओरडल्या. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की कुंदा उठून काकांची कपबशी उचलायला लागली.

मानपत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी पद्धतशीर माणूस. कागद घेतला, समास आखला आणि रात्री जेवताना तिला माहिती विचारू लागले.

"किती देशांविरुद्ध खेळलीस?"

"जे समोर आले त्यांच्याविरुद्ध."

"त्यात जिंकलात किती?"

"वहिनी, आमटी वाढ."

मी आमटी वाढली. मग तिनं आपण होऊन एक गोष्ट सांगितली. तोवर परदेशातून आल्यावर ती फक्त तिथल्या जेवणाबद्दल बोलायची, कारण सासूबाई तेवढंच विचारायच्या.

"एकदा कोरियाच्या पोरींशी सामना होता. मध्यंतरालाच सगळं आटोपलं होतं. त्यांनी आपल्या चांगल्या चांगल्या पोरी बाहेर बसवल्या, नवीन उतरवल्या. पण माझ्यावर जी लावली होती ना, ती काही बसली नाही. शेवटच्या शिट्टीपर्यंत माझ्या मागं मागं. मी चेंडूपासून लांब उभी राहिले तरी ही चिकटलेली. केवढ्या पुढं होत्या गं त्या! मला सोडून दिलं असतं तर काय बिघडणार होतं त्यांचं?" तिनं भाताचा घास हातातच धरला होता. "म्हणजे मी काहीतरी होते ना? उगाच कुणी कुणाच्या मागं राबत नाही."

मी ते लिहिलं. जसं सांगितलं तसं लिहिलं, हरल्यासकट. दुसऱ्या दिवशी मसुदा वाचून सावंतकाका कळवळले.

"वहिनीनु, ह्यां काय लिवलात? मानपत्रात हरल्याचा कोण लिवता? 'क्रीडासम्राज्ञी' घाला. 'दिग्विजयी' घाला."

"काका, सम्राज्ञीला ऑफिसात अजून टेबलापाशी पंखा मिळालेला नाही."

"मगे 'रणरागिणी' तरी घाला. माझ्यासाठी."

त्यांच्यासाठी 'रणरागिणी' घातलं. कोरियाची मुलगी काढली नाही.

अष्टमीला मंडप उभा राहिला. मी दिवसभर शाळेत होते. संध्याकाळी आले तेव्हा मैदानात पांढरं-निळं कापड, झालरी, माइकवाल्याचं 'हॅलो हॅलो' चालू होतं. कुंदा ऑफिसच्या संघाबरोबर पुण्याला गेली होती. नवमीला सासूबाईंनी तिच्या माघारी तिचा चेंडू चुंबळीवर बसवला, पुजला. त्या वर्षी त्या फारच खुशीत होत्या. गुणगुणत होत्या चक्क. मला वाटलं, सत्काराचा आनंद.

दसऱ्याच्या सकाळी मी दाराला झेंडूचं तोरण बांधत होते. गॅलरीतून कुंदा येताना दिसली. खांद्याला बॅग, नेहमीसारखी मैदानातूनच आडवी. मंडपाचं कापड बाजूला सारून ती आत गेली, ती बाहेर आलीच नाही. बराच वेळ झाला तशी मी खाली उतरले.

ती एका खांबापाशी उकिडवी बसली होती. खांबाच्या बुडाशी सिमेंट फुटलं होतं. चहूबाजूंनी तडे, मधे खड्डा, त्यात दगड ठोकून बांबू उभा केलेला. ती त्या फुटक्या कडेवरून बोट फिरवत होती. जसं पडलेल्या मुलाच्या गुडघ्यावरून फिरवतात तसं.

तेवढ्यात सावंतकाका हारांची टोपली घेऊन आले. "अगो, इलंस! बघ कसो मंडप घातलो!"

"काका, हे काय केलंत?"

"काय झालां?"

"सिमेंटवर बांबू वाळूच्या डब्यांत उभे करतात, काका! हे काय मातीचं मैदान आहे, पहार घालायला?"

काकांनी खाली बघितलं. मला वाटतं, त्यांनी तोवर खाली बघितलंच नव्हतं. इतकी वर्षं मंडपवाला इथं लग्नामुंजींना खड्डे खणत आला होता. मैदान म्हटलं की खड्डे, खड्डे म्हटले की बांबू. जमीन बदलली आहे हे ना कुणी त्याला सांगितलं, ना त्यानं कुणाला विचारलं. पहार लागत नव्हती तर त्यानं आणखी जोरानं हाणली.

"बुजवून टाकतलंव गो," काका अगदी हळू म्हणाले. "तुझ्यासाठीच केला मां सगळा."

"तेच ना. माझा सत्कार करायला माझंच कोर्ट फोडलंत. मी नाही बसणार त्या खुर्चीवर."

"अगो, पाव्हणे येतले. पत्रिका वाटून झाल्यो."

"मग पाहुण्यांचा करा सत्कार."

काकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी टोपली खाली ठेवली नाही, तशीच छातीशी धरून उभे राहिले. कुंदा उठली. एका खांबापासून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, प्रत्येक खड्डा बघत चालली. मैदानातले बरेचसे खांब कडेच्या मातीत होते, सिमेंटमध्ये होते ते पाच. रिंगच्या उजव्या अंगाला जो कोपऱ्यातला खांब होता तिथं ती थांबली. त्या बांबूला आंब्याची डहाळी बांधली होती. हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. बुडाशी अक्षता सांडल्या होत्या.

"हे कुणी केलं?"

"तुझ्या आवशीन," काका म्हणाले. "ह्यो खड्डो खणल्याबरोबर खाली इली. आत सुपारी घातल्यान, हळकुंड घातल्यान, मगे म्हणाली, आता उभो करा."

सई, निहार, तुम्हाला हे सांगायला हवं. आपल्याकडे लग्नघरी मांडव घालायचा तर पहिला खांब पूजा करून रोवतात. खड्ड्यात सुपारी, हळकुंड टाकतात, खांबाला डहाळी बांधतात. त्याला मुहूर्तमेढ म्हणतात. ती रोवली की घरात कार्य सुरू झालं. माझ्या सासूबाईंनी कुंदासाठी त्या खांबाची किती वर्षं वाट बघितली असेल! स्थळं आली आणि गेली. कधी शिबिर आडवं आलं, कधी हाफ पँट. मग स्थळं यायची थांबली आणि त्यांनी बोलणंही थांबवलं. आणि आता दारात मांडव उभा राहत होता. कुंदाच्या नावाचा.

कुंदा वर गेली. मी तिच्या मागोमाग. सासूबाई देवापाशी बसून आपट्याची पानं निवडत होत्या.

"आई, मेढ रोवलीस?"

"मांडव मुलीच्या नावाचा होता. मेढीशिवाय कसा उभा राहू द्यायचा?"

"अगं, कोर्ट फोडलं त्यांनी."

सासूबाईंनी पानांवरून मान वर केली. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मांडवाला खड्डे खणावेच लागतात, कुंदे," त्या म्हणाल्या. मग लेकीच्या तोंडाकडे बघून जरा घाबरल्या. "फार मोडलं का गं?"

कुंदानं देवाकडे बघितलं. चुंबळीवरच्या चेंडूवर आदल्या दिवशीचं फूल तसंच होतं.

"नाही," ती म्हणाली. "फार नाही."

"मग ती निळी साडी काढून ठेवलीय. आणि केसांचं काहीतरी कर, झिंज्या झाल्यात."

संध्याकाळी ती निळी साडी नेसून खुर्चीवर बसली. 'रणरागिणी'ला टाळ्या पडल्या आणि सावंतकाकांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. मग मी कोरियाच्या मुलीचं वाचलं. कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना. कुंदानं मात्र तेव्हा थेट माझ्याकडे बघितलं. दुसरीकडे काही द्यायचं नसताना बघतात तसं. पहिल्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या. शेजारणीला विचारत होत्या, "मागं मागं फिरत होती म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं, चांगलं," शेजारीण म्हणाली.

सत्काराला उत्तर द्यायला कुंदा उभी राहिली. "मी आजपासून खेळायचं थांबवतेय," ती म्हणाली. लोकांना हे नवीन होतं. सासूबाईंनाही. "शिबिराचं पत्र आलेलं नाही, येणारही नाही. माझी काही तक्रार नाही. उद्या सकाळी ज्यांनी ज्यांनी टाळ्या वाजवल्यात त्यांनी घमेलं आणि सिमेंट घेऊन या. खड्डे पाच आहेत." लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी मंडप सुटला तेव्हा सगळ्यांत आधी घमेलं घेऊन हजर होते सावंतकाका. मग कोर्टावर खेळणाऱ्या मुली, मग दोघा-तिघींचे वडील, ऑफिसला उशीर होईल असं म्हणत. सासूबाई गॅलरीत उभ्या. कोपऱ्यातल्या खड्ड्यापाशी आल्यावर एक मुलगी आतली सुपारी आणि हळकुंड काढायला लागली. कुंदा म्हणाली, "ते राहू दे." आणि स्वतः त्यावर सिमेंट ओतलं, थापीनं सारखं केलं. नव्या सिमेंटचा रंग जुन्याला कधी मिळाला नाही. कोर्टावर पाच गडद गोल राहिले.

आता तपासणी. मी उगाच वाढवून मार्क देणारी नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

कुंदा चिडकी होती. हळू पळणाऱ्या मुलींना ती सगळ्यांसमोर असं बोलायची की त्यातल्या काही परत आल्या नाहीत, आणि त्यातली एखादी चांगली निघाली असती. शेवटची दोन वर्षं तिनं खेळायला नको होतं, असं माझं मत आहे. त्या दोन वर्षांत कुणा तरुण मुलीची जागा अडली असणार. माझे सासरे गेले तेव्हा ती शिबिरात होती आणि दहाव्यालाच पोचली. तुमच्या आजोबांनी ते तिला बोलून दाखवलं नाही, पण विसरलेही नाहीत. मेडल नाही. पॉइंट्स थोडे, आणि ते कुणी जपून ठेवले नाहीत. सत्कारानंतर तिनं त्याच कोर्टावर मुलींना शिकवलं, गुडघे साथ देत होते तोवर रोज संध्याकाळी. त्यांतली एकही भारताकडून खेळली नाही. काहींना खेळावर नोकऱ्या लागल्या. बाकीच्यांची लग्नं झाली, त्या इथंतिथं आहेत, आणि रस्त्यात भेटल्या की अजून कुंदाला बघून पाठ ताठ करतात. आता शिकवते तीही तिच्याच हाताखालची. ग्रेट म्हणजे तुम्ही ज्याला म्हणता, ज्यांच्या नावाचे बूट विकले जातात, तशी ती नव्हती. चांगली होती का? एका परक्या देशाच्या मुलीनं, जिंकून झाल्यावरही, तिच्यावरची नजर काढली नाही. मला खेळातलं कळत नाही, पण त्या मुलीला कळत होतं.

एवढं लिहून काल माझं पेन थांबलं. हे सगळं मांडलं तरी बेरीज होईना. म्हणून संध्याकाळी कुंदाला घेऊन खाली कोर्टावर गेले. ती काठी टेकत आली आणि कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. शेवाळ निघून कोर्ट स्वच्छ झालं होतं. तीन-चार वेळा वरून सिमेंट करायची वेळ आली, पण मुलींनी गोल बुजू दिले नाहीत, दर वेळी पुन्हा त्याच जागी रंगवून घेतले. एक लहान मुलगी, आठ-नऊ वर्षांची, रिंगच्या उजव्या अंगाच्या गोलावर उभी राहून चेंडू टाकत होती. टाकायची, धावत जाऊन आणायची, पुन्हा नेमकी त्याच गोलावर.

"कोपर आत घे गं," कुंदा खुर्चीतून म्हणाली.

"हो मॅडम."

मला राहवलं नाही. "बाळ, हे गोल कसले गं?"

खेळातलं ओ की ठो कळत नसलेल्या बाईकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "आजी, ते असतातच. शूटिंगचे. पहिला, दुसरा, आणि हा तिसरा. तिसरा एकदम लकी आहे, यावरून पडतोच."

"सगळ्या कोर्टांवर असतात?"

"असायला पाहिजेत ना! परवा ठाण्याला मॅच होती, तिथं नव्हतेच." ती चेंडू कमरेवर घेऊन उभी राहिली. "त्यांचं कोर्ट अर्धवटच आहे."

कुंदा हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला. ती तिसऱ्या गोलाकडे बघत होती. त्याच्याखाली काय आहे, हे आता बहुधा आम्हा दोघींनाच माहीत असेल. आणि आजपासून तुम्हा दोघांना.

परत निघालो तेव्हा ती म्हणाली, "मग, लिहिलंस का पोरीला? किती दिलेस?"

"तू पुरवण्या जोडायचं थांबवलंस तर देता येतील ना," मी म्हटलं. "पेपर अजून चालूच आहे तुझा."

"घंटा होऊ दे, मग देते पेपर," ती म्हणाली. मैदानाच्या फाटकापाशी थांबून तिनं काठी बदलली, दमली होती. आणि मागं न बघता, नुसत्या चेंडूच्या आवाजावरून ओरडली,

"कोपर!"